विजेची मोटर : ती फिरते कशी आणि जळते का

म्हैसूरचा दसरा आपणांपैकी काहींनी प्रत्यक्ष पाहिला असेल, पुष्कळांनी त्याची वर्णने ऐकली असतील. विजयादशमीच्या दिवशी राजवाड्यातून निघालेली चामुंडेश्वरीची सुवर्ण अंबारी सुमारे पाच किलोमीटरचा मार्ग चालून ज्या ठिकाणी येते, त्या स्थळाचे नाव बन्नीमंटप. बन्नी म्हणजे आपली शमी. अज्ञातवासाला निघालेल्या पांडवांनी विराटनगरीत शिरण्यापूर्वी आपली शस्त्रे शमीवृक्षावर ठेवली आणि वर्षाच्या अखेरीस ती जशीच्या तशी उतरवून घेतली, ही कथा आपल्या परिचयाची आहे. तिच्याच स्मरणार्थ आपण सीमोल्लंघनाला जातो. म्हैसूरकर बन्नीमंटपला जातात.

परंतु मला सांगावयाची आहे ती गोष्ट दसऱ्याची नव्हे, तर त्याच्या आदल्या दिवसाची, म्हणजे खंडेनवमीची. काही वर्षांपूर्वी सरकारी कामानिमित्त मी म्हैसूरला गेलो होतो. सुटीचा दिवस असल्याने पायी हिंडत बन्नीमंटपच्या औद्योगिक वस्तीत शिरलो. सारी यंत्रे बंद होती. दारोदारी केळीचे खुंट उभे होते, उंबरठ्याशी कुंकू भरून फोडलेले कोहळे पडले होते. एका लहानशा कारखान्यासमोर मी थबकलो. आत पंधरा-वीस विजेच्या मोटरी ओळीने मांडल्या होत्या आणि प्रत्येकीला गंध, कुंकू व झेंडूची माळ होती. गंमत अशी की, त्यांपैकी एकही मोटर धड नव्हती. तो मोटरी भरून देण्याचा, म्हणजे जळालेल्या मोटरीतील तार काढून नवी घालण्याचा कारखाना होता. मालक सत्तरीचे वृद्ध गृहस्थ. सारे त्यांना मेस्त्री म्हणत. मी माझ्या सोबत्याशी मराठीत बोलतो आहे असे ऐकताच ते म्हणाले, "या साहेब, आत या. आमच्या घरीही मराठीच बोलतात. कैक पिढ्या झाल्या इकडे येऊन." आज हत्यार हाती धरावयाचे नाही, त्यामुळे त्यांना सवड होती, आणि मला एक जुना प्रश्न होता.

तो प्रश्न आधी सांगतो. मी शिक्षणाने साहित्याचा एम. ए. आणि नोकरीने सरकारी अधिकारी. नोकरीच्या आरंभीच्या काळात, एका दुष्काळी वर्षी, महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी असताना एक वयस्क शेतकरी माझ्यापुढे येऊन उभा राहिला. त्याने धोतराच्या सोग्यात बांधून आणलेले तारेचे एक काळे वेटोळे टेबलावर ठेवले. "साहेब, वर्षात तिसऱ्यांदा मोटर जळाली. दोनदा भरून आणली. आता घरात गहाण ठेवायला काही राहिलं नाही. ही जळते कशानं, तेवढं सांगा." मी नियमाप्रमाणे अर्ज लिहून घेतला, तो योग्य त्या कार्यालयाकडे रवाना केला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला देता आले नाही. 'मोटर जळाली' हे शब्द मी शेकडो अर्जांवर वाचले होते. त्यांचा अर्थ मला ठाऊक नव्हता.

आपल्या खेड्यांत मोट गेली आणि मोटर आली. मोटेचे सारे व्यवहार डोळ्यांना दिसत. बैल थकला की धापा टाकी, नाडा झिजला की दिसे. मोटर मात्र लोखंडी कवचात बसलेली. तिचे दुःख बाहेर कळते ते धूर निघाल्यावर. म्हणून आत काय चालते, ते समजून घेणे अगत्याचे आहे.

मोटरीची मूळ कल्पना अगदी साधी आहे. १८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेडला असे आढळले की, तारेतून विजेचा प्रवाह वाहू लागला की जवळच्या होकायंत्राची सुई हलते. म्हणजे प्रवाह वाहणारी तार स्वतःच चुंबक होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडेने पाऱ्याच्या भांड्यात लोंबकळणारी तार चुंबकाभोवती गोल फिरवून दाखविली. तिने कसलेही काम केले नाही, तरी जगातील सगळ्या मोटरींचे कूळ तेथपर्यंत पोचते. चुंबकांची विजातीय टोके एकमेकांस ओढतात, सजातीय टोके लोटतात. एक चुंबक स्थिर ठेवावा, दुसरा आसावर बसवावा, आणि फिरता चुंबक जोडीदारापाशी पोचतो न पोचतो तोच ओढ पुढे सरकवावी. तो पुन्हा धावतो. मोटर म्हणजे कधीच न संपणारी शिवाशिवी.

ओढ पुढे सरकवावयाची कशी, या प्रश्नाच्या निरनिराळ्या उत्तरांतून मोटरींचे निरनिराळे प्रकार जन्मास आले.

पहिले उत्तर एकदिश प्रवाहाच्या मोटरीचे. यात फिरत्या भागावर तारेची वेटोळी असतात, आणि आसावर बसविलेल्या तांब्याच्या पट्ट्यांवर कार्बनचे तुकडे टेकलेले असतात. अर्धा फेरा झाला की पट्टी बदलते, प्रवाह उलटतो आणि ओढ कायम राहते. अशा मोटरीवर रशियात याकोबीने १८३८ साली नेवा नदीत नावही चालविली. पण वीज घटमालेची, म्हणून फार महाग. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात एका जनित्राचा प्रवाह दुसऱ्या जनित्रात सोडताच ते दुसरे आपोआप फिरू लागले. जनित्र आणि मोटर ही एकाच यंत्राची दोन रूपे आहेत, हे तेव्हा सर्वांना दिसले. फिरविले तर वीज देते. वीज दिली तर फिरते.

या एकदिश मोटरींतही स्वभावभेद आहेत. स्थिर चुंबकाची तार आणि फिरत्या भागाची तार एकापुढे एक जोडली तर ती एकसरी मोटर. उभ्या जागेवरून ओझे खेचण्यात तिचा हात धरणारी दुसरी नाही. पण ओझे काढून घेतले तर बेफाम धावत सुटते. आगगाडीला हाच गुण हवा. मुंबईत ७ मे १९०७ रोजी विजेवर धावू लागलेल्या आणि १९६४ च्या मार्चअखेर बंद झालेल्या ट्रामगाड्या, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला गेलेली देशातील पहिली विद्युत् आगगाडी, आणि १९३० साली सुरू झालेली दख्खनची राणी यांना ओढले ते याच जातीच्या मोटरींनी. दोन्ही तारा समांतर जोडल्या तर मोटरीचा वेग जवळजवळ एकसारखा राहतो. लेथसारख्या यंत्राला ती मानवते. दोहोंचा संकर केला की संयुक्त मोटर होते. आपल्या स्वयंपाकघरातील मिक्सर एकसरी मोटरीचाच धाकटा भाऊ. तो दोन्ही प्रकारच्या विजेवर चालतो, म्हणून त्याला सार्विक मोटर म्हणतात. त्याच्या आत ठिणग्या उडताना दिसतात, त्या कार्बनच्या तुकड्यांपाशी.

येथे मेस्त्रींनी मला पहिली महत्त्वाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "साहेब, मोटर उभी असते तेव्हाच ती जास्त खाते. फिरायला लागली की आपणच आवरतं घेते." याचा शास्त्रार्थ असा. मोटर फिरू लागली की ती मनातल्या मनात जनित्रही असते. तिच्या तारेत उलट दिशेचा दाब निर्माण होतो आणि तो बाहेरून येणाऱ्या प्रवाहाला अडवितो. वेग जितका अधिक, तितका हा लगाम घट्ट. उभ्या मोटरीला लगाम नसतो. आपल्या विहिरीवरील मोटर वेगळ्या जातीची असते, हे पुढे येईलच. पण नियम तिलाही लागू आहे. सुरू होण्याच्या क्षणी ती नेहमीच्या सहा-सातपट प्रवाह घेते. चार-दोन सेकंदांचा हा प्रकार असतो म्हणून निभावते. तोच अर्धा मिनिट टिकला, तर तारेवरचे वार्निश करपते, वेटोळी एकमेकांस चिकटतात आणि मोटर जळते.

आता दुसरे उत्तर, आणि माझ्या मते मनुष्याच्या बुद्धीने काढलेल्या सुंदर उत्तरांपैकी ते एक आहे. फिरत्या भागाला बाहेरून वीजच द्यावयाची नाही. पट्ट्या नकोत, कार्बन नको. मग तो फिरावा कसा?

बन्नीमंटपच्या मैदानावर दसऱ्याच्या रात्री मशालींची कवायत होते. कल्पना करा की, अंधारात शंभर जवान वर्तुळात स्थिर उभे आहेत. प्रत्येकाने आपल्या पाळीला मशाल वर करावयाची आणि लगेच खाली घ्यावयाची. एकानंतर दुसऱ्याने, दुसऱ्यानंतर तिसऱ्याने. दुरून पाहणाऱ्याला वाटेल की एक ज्योत वर्तुळावरून धावत आहे. जागेवरून कोणीच हलले नाही, तरी उजेड मात्र फिरतो. त्रिकला विजेच्या मोटरीत, म्हणजे आपण थ्री-फेज म्हणतो त्या मोटरीत, नेमके हेच घडते. तिन्ही तारांतील प्रवाह एकाच क्षणी शिगेला पोचत नाहीत, पाळीपाळीने पोचतात. या तीन तारांची वेटोळी स्थिर भागात वर्तुळावर ठराविक अंतराने बसविली की चुंबकाची ज्योत गोल धावू लागते. काहीही न हलता चुंबकीय क्षेत्र फिरते.

मध्ये आसावर तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा एक पिंजरा असतो. फिरते क्षेत्र दांड्यांवरून सरकले की, फॅरडेने १८३१ साली शोधलेल्या प्रवर्तनाच्या नियमाने त्यांत आपोआप प्रवाह उत्पन्न होतो. पिंजराच चुंबक बनतो आणि धावणाऱ्या क्षेत्राचा पाठलाग करू लागतो. १८८८ साली इटलीच्या फेरारिस यांनी आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी स्वतंत्रपणे ही कल्पना जगापुढे मांडली. पुढच्या वर्षी दोलिवो-दोब्रोवोल्स्कीने तिला त्रिकला पिंजरा-मोटरीचे रूप दिले. शेतावरचा पंप, पिठाची मोठी गिरणी, उसाचे गुऱ्हाळ, बहुतेक साऱ्या ठिकाणी हीच प्रवर्तन मोटर राबत असते.

या पाठलागातील गंमत अशी की, पिंजऱ्याने क्षेत्राला कधी गाठावयाचे नाही. गाठले तर दांड्यांवरून क्षेत्र सरकणे थांबेल, प्रवाह थांबेल आणि ओढही संपेल. म्हणून तो नेहमी किंचित मागे राहतो. आपल्या मोटरीवरील पत्र्याची पट्टी वाचा. तिच्यावर बहुधा १४४० असा काहीसा आकडा असतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. चार ध्रुवांच्या मोटरीत क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते. उरलेले साठ फेरे म्हणजे पाठलागातील पिछाडी.

आवर्तने बदलली की वेग बदलतो. म्हैसूरपासून फार दूर नसलेल्या शिवनसमुद्र येथे कावेरीच्या धबधब्यावर १९०२ साली वीज निर्माण होऊ लागली आणि सुमारे दीडशे किलोमीटरवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे तारांवरून गेली. ती सेकंदाला २५ आवर्तनांची होती. तिच्यावर चार ध्रुवांचे क्षेत्र मिनिटाला ७५० च फेरे घेई. हा वेग आवर्तनांना बांधलेला असणे हे या मोटरीचे मोठे बंधन होते. आज इलेक्ट्रॉनिक साधनांनी हवी तितकी आवर्तने तयार करता येतात, आणि म्हणून ओझे खेचण्याचा एकसरी मोटरीचा मक्ताही संपला. मुंबईच्या लोकलमार्गांवरील एकदिश प्रवाह २०१६ साली पूर्णपणे इतिहासजमा झाला. २०२२ साली म्हैसूरहून चेन्नईला धावू लागलेल्या वंदे भारत गाडीच्या डब्यांखाली प्रवर्तन मोटरीच आहेत.

या कुळातील इतर मंडळींची ओळख थोडक्यात करून देतो. पिंजऱ्याऐवजी फिरत्या भागावर तार गुंडाळून ती कड्यांमार्फत बाहेर आणली की कडी-मोटर होते. याऱ्या आणि दगड फोडण्याची यंत्रे अशा जड आरंभाच्या कामाला ती योग्य. फिरता भाग पक्का चुंबक केला तर तो क्षेत्राबरोबर पायात पाय घालून चालतो, मागे राहत नाही. ती समकालिक मोटर. अलीकडच्या विजेच्या दुचाकी आणि कमी वीज खाणारे छताचे पंखे यांतील मोटर याच घराण्यातली. तेथे कार्बनच्या तुकड्यांचे काम इलेक्ट्रॉनिक मंडल करते. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट घेतो, तर नवा तीसच्या आसपास. मात्र त्यांतील बलवान चुंबकांना दुर्मिळ मृदा धातू लागतात. २०२५ साली चीनने त्यांच्या निर्यातीवर बंधने घालताच आपल्याकडील वाहन-कारखान्यांनाही त्याची झळ लागली.

आणि घरातला जुना पंखा? तेथे एकच कला, म्हणजे एकच मशालजी. तो मशाल वरखाली करील, पण ज्योत धावणार नाही. म्हणून धारित्र नावाची एक डबी जोडून त्याच विजेतून दुसरा, थोडा आधी मशाल उचलणारा गडी उभा करतात. डबी निकामी झाली की पंखा नुसता गुणगुणतो. हाताने ढकलला तर फिरू लागतो. हा अनुभव कोणाला नाही?

श्रोतेहो, याच गुणगुणण्यात माझ्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर होते. मेस्त्रींना मी ती हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी ओळीतल्या दोन मोटरींच्या झाकणांवरची फुले बाजूला केली आणि आतली वेटोळी दाखविली. एकीची सर्व वेटोळी सारखी काळी होती. "हिला झेपेना इतकं ओझं दिलं." दुसरीत दोन भाग कोळसा झालेले, आणि मध्ये मध्ये एकेक भाग नव्या नवरीसारखा लखलखीत. "हिचा एक फेज गेला होता. माणूस काहीही सांगो, साहेब, तार खोटं सांगत नाही."

तीन मशालींतील एक विझली की काय होते पहा. मोटर धावत असेल तर लंगडत का होईना धावते, पण उरलेल्या दोन तारांवर पावणेदोनपटीच्या आसपास भार येतो. उभी असेल तर ती सुरूच होत नाही. जागच्या जागी गुणगुणते, लगाम नसल्याने भरमसाट प्रवाह पिते, आणि काही मिनिटांत जळते. शेतीला पुष्कळदा वीज मिळते ती रात्री. त्या गुणगुणण्याकडे कान द्यावयास विहिरीवर कोणी नसते.

दुसरे कारण दाबाचे. मोटरीचे बळ दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते. दाब शंभराचा ऐंशी झाला की बळ ऐंशी नव्हे, चौसष्ट उरते. आणि दाब का उतरतो? रात्री उठावयास नको म्हणून प्रत्येकजण मोटरीला ऑटो स्विच लावतो. वीज आली की एका डीपीवरच्या साऱ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होऊ पाहतात आणि प्रत्येक सहा-सातपट प्रवाह मागते. दाब कोसळतो, एकीलाही वेग येत नाही, वेग नाही म्हणून लगाम नाही. मोटरी जळतात, कधी डीपीच जळते, आणि गावाचे उभे पीक पाण्यावाचून वाळते. प्रत्येकाला शहाणपणाची वाटलेली युक्ती साऱ्या गावाला भोवते. प्रशासनात मी असे प्रसंग अनेक पाहिले. पण तांब्याच्या तारेइतके स्पष्ट उदाहरण दुसरे पाहिले नाही.

उपाय अवघड नाहीत. एक फेज गेला की मोटर बंद करणारे साधन मिळते, ते बसवावे. भार वाढताच तोडणारी कळ मोटरीच्या पट्टीवरील आकड्याला जुळवावी. ती वारंवार तुटते म्हणून तिचा काटा वाढवून ठेवू नये. फ्यूजच्या जागी जाड तार घालू नये. ऑटो स्विच काढावा. काढणे शक्यच नसेल तर शेजाऱ्यांनी मिळून पाळी ठरवावी आणि प्रत्येकाने काही सेकंदांच्या अंतराने मोटर सुरू होईल अशी योजना करावी. योग्य मापाचे धारित्र जोडले तर वाहिनीवरचा भार हलका होतो आणि दाबही थोडा सावरतो. आणि मोटर घेताना विहिरीची खोली व पाइपाची लांबी पाहून घ्यावी. शेजाऱ्याची आहे म्हणून घेऊ नये.

हे सारे यंत्र परके आहे अशी समजूत असेल तर तीही सोडली पाहिजे. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून १९१० साली किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याने १९४६ साली बंगळुरात विजेच्या मोटरींचा कारखाना काढला. म्हैसूर संस्थानाची वीज आणि मराठी उद्योजकता यांची गाठ तेथे पडली. जगातील एकूण विजेपैकी निम्म्याच्या आसपास वीज मोटरीच वापरतात, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. ज्या यंत्राच्या पोटात एवढी वीज जाते, त्याची दोन अक्षरे ओळख प्रत्येकाला असावयास हवी.

निघताना मी मेस्त्रींना विचारले, "जळालेल्या मोटरींची पूजा का करता?" ते म्हणाले, "चालत्या मोटरींची पूजा त्यांचे मालक करतातच. ह्यांनाही उद्या-परवा कामावर जायचं आहे."

दुसऱ्या दिवशी रात्री बन्नीमंटपच्या मैदानावर मी मशालींची कवायत पाहिली. हजारो लोक टाळ्या वाजवीत होते. मला मात्र टेबलावर ठेवलेले ते काळे वेटोळे आठवत होते. तो भाग दोनांतला होता की तिसरा, हे आता कळण्याचा मार्ग नाही. पण 'वर्षात तिसऱ्यांदा' या शब्दांवरून बहुधा फेजच जात असावा. त्या वेळी मला एवढे ठाऊक असते, तर अर्जाबरोबर त्याला एक वाक्यही देता आले असते : मोटर नवी भरण्यापूर्वी तिसरी तार येते का ते पाहा. त्या गृहस्थाची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही. आज हे भाषण त्याच्या कानी पडले, तर उशिरा का होईना, त्याच्या अर्जाचा निकाल लागला असे मी समजेन.